खालचा आवाज

खालची पिठाची गिरण दुपारी एक ते चार बंद असते, म्हणून निशिगंधाचं कानाचं काम दुपारी एक ते चार. बाकी वेळ गिरणीची घरघर जिन्यानं वर येते, टेबलात शिरते आणि हेडफोनच्या आत येऊन बसते. लग्नाच्या व्हिडिओतली चित्रं कापायची, जोडायची, नवरीच्या मावशीचा जांभई देतानाचा तुकडा उडवायचा, ही डोळ्यांची कामं गिरण चालू असतानाही होतात. कानाचं काम मात्र गिरणीच्या मर्जीनं.

कॅमेरा नवऱ्याचा आणि कापाकापी तिची, असं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या एका खोलीत वीस वर्षं चाललं होतं. दारावरची पाटी ‘विजयसिंह व्हिडिओ’ अशी, कारण कॅमेरा लोकांना दिसतो, कापाकापी दिसत नाही. तिला शिकवलं कुणी नव्हतं. बटणं दाबत, चुकत, एकदा एका नवरदेवाला सबंध वरातभर उलटा चालवून ती शिकली होती.

त्या गुरुवारी गिरण थांबून पाच मिनिटं झाली असतील, तोच एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चाळिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. चपला बाहेर काढल्या, आणि आत येऊन बसायच्या आधी त्यानं खोलीचे चारी कोपरे बघून घेतले.

“या की. पावणं कुठनं आलासा?”

“गडहिंग्लजकडनं. सोमशेखर माझं नाव. भरमाप्पांचा थोरला. सहा वर्षांमागं आमच्या बहिणीचं लग्न तुमीच शूट केलतं.”

“असंल. किती लग्नं केली, तोंडं ध्यानात ऱ्हात न्हाईत.”

त्यानं आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या घडीतून पेनड्राइव्ह निघाला. एखादा दागिना मोडायला आणावा तसा त्यानं तो टेबलावर ठेवला, पण बोट त्याच्यावरच.

“यातलं पाठवणीचं गाणं काढून द्या. खालचं बोलणं पाहिजे.”

“कुणाचं?”

“आईचं. आई आता न्हाई. चार वर्षं झाली.”

निशिगंधा मऊ झाली. वर्षाला असे पाच-सहा येतातच. गेलेल्या माणसाचे फोटो घरात ढीगभर असतात, आवाज मात्र कुणीच जपून ठेवलेला नसतो. मग लोकांना लग्नाची फिल्म आठवते, तीत कुठंतरी आई ‘जेवलासा का’ म्हणत फिरत असते, आणि तिच्यावर निशिगंधानं सनई घातलेली असते.

“काढून देते की. आई जिथं जिथं बोलल्यात तिथलं सगळं काढूया.”

“सगळं नको,” तो म्हणाला. “बेचाळीस मिनिटं दहा सेकंदांपासनं पुढं चाळीस सेकंद. बस्स.”

इथं तिला पहिल्यांदा खटकलं. दुःखातला माणूस मिनिटं-सेकंद घेऊन येत नाही.

तिनं पेनड्राइव्ह लावला. पाठवणीचा प्रसंग. हिरव्या शालूतली नवरी, तिच्या गळ्यात पडलेली आई. आई लेकीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगतेय, चांगलं लांबलचक. नवरी आधी हुंदके देत असते. मग एकदम हुंदके थांबतात आणि ती आईकडं बघतच राहते. आणि या सगळ्यावर गाणं, खच्चून.

“पुण्यात दाखवून आलो,” सोमशेखर म्हणाला. “तिथला म्हणाला, गाण्यात बाईचा गळा आणि खाली पण बाईचाच. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच. ज्यानं गाणं घातलंय त्यालाच निघंल. म्हणून म्हटलं, बघावं कुणी घातलंय.”

“आमीच. सगळ्या पाठवण्यांना हेच घालतो. दोनशे नवऱ्या रडवल्यात या एका गाण्यानं.”

तो हसला नाही. “आधी बारीक वाजतंय. आई जवळ आली की मोठं हुतंय. तितंच का? कुणी सांगितलं हुतं?”

“सहा वर्षं झाली, दादा. आता काय सांगू?” ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं आठवत होतं. “तुमच्या बहिणीलाच विचारा की, आई काय बोलली.”

“दानेश्वरी बोलत न्हाई आमच्यासंगं. हुपरीला दिलीया. हितनं तासाभरावर, खरं सहा वर्षांत एक पंचमी केली न्हाई माहेरात. पंचमी आली की अप्पा सकाळपासनं दारात खुर्ची टाकून बसत्यात. यंदा तिला आणायचीच, असं मी ठरवलंय. आणि ती का येत न्हाई, ते या चाळीस सेकंदांत हाय.”

पंचमीला पंधरा दिवस होते. निशिगंधाच्या डोक्यात मात्र दुसरंच आलं. सहा वर्षं न आठवलेली बहीण भावाला अचानक आठवली, की मागं बहुधा सात-बारा असतो. हक्कसोडीवर सही हवी असते. आईनं लेकीला शेवटी काही कबूल केलं असेल, ‘ओढ्याकाठचं तुला’ असं काही, तर ते आधी आपल्या कानावर असलेलं बरं.

“शेताचं काय हाय का ह्यात?” तिनं सरळच विचारलं.

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. “शेताचं तुमी कशाला काढताय, वैनी?”

“सहज.”

“हे बघा. ऐकायचं मी एकट्यानं. दुसऱ्या कुणाच्या कानावर जायचं न्हाई.” तो उठला, दारापर्यंत गेला, आणि चपलेत पाय घालता घालता, तिच्याकडं न बघता म्हणाला, “त्यात माझं नाव हाय का, एवढं बघा.”

तो गेल्यावर तिनं कपाट उघडलं. निशिगंधा प्रत्येक लग्नाची एक वही ठेवते. नवऱ्याकडच्या काकांना जास्त दाखवणे, मामीला कमी, असलं सगळं त्यात लिहिलेलं. सहा वर्षांपूर्वीची वही खालून तिसरी निघाली. दानेश्वरी भरमाप्पा, गडहिंग्लज. खाली तिच्याच तिरक्या अक्षरात: ‘पाठवणी. आईचा आवाज पूर्ण मारणे. नवरीचा स्वतःचा फोन. म्हणाली, घरात कुणाला सांगू नका.’ पुढं नंबर.

मग सगळं आठवलं. लग्नानंतर आठव्या दिवशीचा तो फोन, ते दबकं बोलणं. आणि हेही आठवलं, की तिनं तो आवाज पूर्ण मारलाच नव्हता.

ही तिची जुनी खोड. वर कितीही मोठं गाणं घातलं तरी खालचा मूळ आवाज ती कधी शून्यावर नेत नाही, पाचावर ठेवते. शंभरातलं पाच. ऐकू काहीच येत नाही, पण शून्य केलं की माणसं काचेपलीकडची दिसतात, मुकी. पाच ठेवलं की जिवंत वाटतात. सगळ्यांच्या भाजीत न विचारता चिमूटभर गूळ टाकावा, तसं ती हे करत आली होती. दानेश्वरीनं ‘पूर्ण’ म्हटलं होतं. हिनं हो म्हटलं होतं आणि पाच ठेवलं होतं.

शुक्रवारी त्याचा फोन दोनदा आला. “झालं का?” आणि लगेच, “कुणी ऐकलं न्हाई न्हवं?” पहिल्याला तिनं नाही म्हटलं, दुसऱ्यालाही नाही म्हटलं. आपण याचं काम करतोय की याच्यावर पाळत ठेवतोय, हे तिचं तिलाच कळेना.

शनिवारी दुपारी ती कामाला बसली. पुण्याचा माणूस म्हणाला ते बरोबर होतं. नवं सॉफ्टवेअर गळा आणि वाजाप वेगळं करून देतं, पण इथं गाणारणीचा गळा आईच्या गळ्यावर बसला होता. कॅमेऱ्यातलं मूळ चित्रीकरण कधीच पुसलं गेलं होतं, म्हणून त्याला तोड एकच. तेच गाणं, तीच मूळ फाइल घ्यायची, तिची लाट उलटी करायची आणि फिल्ममधल्या गाण्यावर तंतोतंत ठेवायची. केसभर पुढंमागं झालं तर एका गाण्याची दोन गाणी होतात. जुळलं, तर दोन्ही एकमेकांना गिळतात आणि खाली राहिलेलं वर येतं. दोनशे लग्नांना एकच गाणं घालायचा आळस असा उपयोगी पडला. फाइल जागेवर होती.

पण तिनं त्या वेळी गाणं हातानं लहानमोठं केलं होतं. आई जवळ आली तिथं वर, मिठी सुटली तिथं खाली. तो चढउतार जसाच्या तसा जमायला हवा होता. आपलाच सहा वर्षांपूर्वीचा हात तिला परत गिरवायचा होता. त्या दिवशी जमलं नाही. रविवारी, गिरण सुरू व्हायला वीस मिनिटं असताना, गाणं गेलं.

राहिली ती थोडी खरखर, लांबून बँडवाल्याचं क्लॅरिनेट, कुणाचं तरी ‘ए, गाडी मागं घे’ आणि अगदी जवळ, कापसातून यावा तसा, एका म्हाताऱ्या बाईचा गळा. नवं सॉफ्टवेअर आता उपयोगी पडलं, खरखर त्यानं झाडून नेली. आवाज स्वच्छ झाला.

आणि निशिगंधाला एक शब्द कळला नाही. बाई कानडी बोलत होती.

ती कपाळावर हात मारून हसली. सीमेकडचं लिंगायत घर, आई लेकीशी आपल्या भाषेत बोलणार नाही तर काय! सुरुवातीचं ‘अळब्याड’ तेवढं तिला कळलं, कारण समोरच्या घरातल्या आक्का नातवंडांना तेच म्हणतात, रडू नको. त्यानंतर सगळा अंधार, आणि त्या अंधारात दोनदा ‘अण्णा’. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. म्हणजे त्याचं नाव होतं.

आक्का निपाणीकडच्या. वय सत्तर, कान शाबूत. ‘कुणाच्या कानावर जायचं न्हाई’ हे निशिगंधाला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी तिनं गॅलरीतून हाक मारली.

आक्कांनी हेडफोनचा एकच कान लावला. आधी कौतुकानं हसल्या, मग हसू गेलं. चाळीस सेकंद संपल्यावर त्यांनी हेडफोन टेबलावर पालथा ठेवला.

“कुणाचं गं हे?”

“गिऱ्हाईकाचं. अण्णाचं काय म्हणतीया, तेवढंच सांगा की.”

“आई लेकीच्या कानात सांगतीया. त्यात तुझा कान कशाला?”

“आक्का, माझ्या गळ्याशी आलंय हे. भावाच्या हातात द्यायचं का न्हाई, तेच कळंना झालंय.”

“शिव्या घालत असती तर चवीनं सांगितलं असतं. हे मी सांगणार न्हाई. जिच्या कानात सांगितलंय तिला विचार.” आणि जिन्यात जाऊन परत वळल्या. “तुला दुसरं काम न्हाई का गं?”

मग तिनं वहीतला नंबर लावला. तिकडून ठोकण्याचा बारीक आवाज येत होता. हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं.

“दानेश्वरी का? मी निशिगंधा. कोल्हापूर, विजयसिंह व्हिडिओ.”

ठोकणं थांबलं. “अण्णानं फोन करायला लावलाय?”

“न्हाई. त्याला ठाऊक पण न्हाई. पेनड्राइव्ह घेऊन आलता तो. पाठवणीतलं बोलणं काढून मागतोय.”

“निघणार कुठनं? तुमी मारला हुता न्हवं आवाज? पूर्ण?”

निशिगंधानं वही मिटली. “पाच ठेवला हुता.”

“पाच म्हंजे?”

“शंभरातलं पाच. ऐकू येत नव्हता. आता मशिनी आल्यात, आता निघाला.”

“मी पूर्ण म्हणले हुते, ताई.”

“व्हय. माझी चूक.”

तिकडं एक-दोन ठोके पडले. मग, “दिला त्याला?”

“अजून न्हाई.”

“देऊ नका. उद्या तिकडं गुजरीत सराफाकडं माल पोचवायचाय, मी येते. आणि ताई, आता तरी मला खरं सांगताय न्हवं?”

सोमवारी दीडला ती आली. फिल्ममधल्यापेक्षा बारीक, उन्हानं रापलेली. कापडी पिशवीत पैंजणांचे जोड होते, ती हलली की पिशवी छुमछुम करायची. निशिगंधानं पिशवी बाहेर गॅलरीत ठेवायला लावली. “ह्याचा आवाज कानात येतोय गं,” ती म्हणाली, आणि दानेश्वरीनं तिच्याकडं असं बघितलं, की ही बाई आता पिशवी पण लाटणार की काय.

तिनं तीनदा ऐकलं. पहिल्यांदा पाठ ताठ ठेवून. दुसऱ्यांदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा तिचे ओठ आईच्या शब्दांबरोबर हलत होते. तिला सगळं पाठ होतं.

“किती जवळनं बोलतीया,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि हेडफोन काढला.

निशिगंधानं पाण्याचा तांब्या पुढं केला. विचारलं काहीच नाही. हे तिला अवघड गेलं.

“मी एसटीत कंडक्टरची परीक्षा दिलती,” दानेश्वरीच बोलायला लागली. “पास झालते. ट्रेनिंगचं पत्र आलं असंल म्हणून रोज विचारायची. आलं न्हाई. आलं न्हाई म्हणून लगीन ठरलं. आणि पाठवणीला अव्वा काय सांगतीया? रडू नको. तुझा कागद आलता, पोस्टमन दारात देऊन गेला, मी ठेवलाय, ज्वारीच्या डब्यात, तळाला. रात्रीच्या मुक्कामाला गाडी कुठल्या तरी गावात थांबणार, माझी पोरगी कुठं झोपणार, म्हणून भ्याले. अण्णाला ठाव न्हाई. अण्णाला सांगू नको, तो मला परत अव्वा म्हणायचा न्हाई.” ती खिडकीकडं बघत होती. “गाडीत बसायच्या टायमाला सांगितलं. आधी न्हाई.”

“म्हणून आवाज मारायला सांगितलास.”

“फिल्म घरात सगळी बघणार. अण्णा बघणार.”

“आणि माहेरी?”

“गेले असते तर तोंडातनं निघालं असतं. म्हणून न्हाई गेले. अव्वा वारली तवा गेले, तर अण्णा चारचौघांत म्हणाला, जितेपणी आली न्हाईस, आता कशाला? तवापासनं बंद. आणि आता हे काढायला लावतोय. अव्वाला मेल्यावर पण सोडत न्हाई.”

निशिगंधाला दारातलं ते वाक्य आठवलं. “दानेश्वरी, जाताना तो एकच म्हणाला. त्यात माझं नाव हाय का बघा.”

“त्याचं नाव? कशाला?”

“मला काय ठाऊक. मला वाटलं, शेताचं काहीतरी. आता वाटतंय, त्याला भ्या वाटतंय. पत्र त्यानं दडवलं, असं आईनं तुला सांगितलं की काय.”

दानेश्वरी तिच्याकडं बघत राहिली. “पोस्टातनं टपाल तोच आणायचा,” ती हळूच म्हणाली. मग पुन्हा भुवया जवळ आल्या. “खरं, त्याला पत्राचं ठावच न्हाई. मग भ्या कशाचं?”

साडेतीनला दानेश्वरी उठली, गॅलरीतली पिशवी उचलली, तोंड उघडून जोड मोजले, आणि मोजून झाल्यावर जरा ओशाळली.

“ऐकू दे त्याला,” ती म्हणाली. “अव्वाला आता कोण काय करणार हाय? खरं, मी आधी ऐकलंय, हे सांगा त्याला. आणि तो तोंड कसं करतोय ते बघून ठेवा.”

मंगळवारी सोमशेखर आला तो एकच्या आधीच. खाली गिरणीच्या फळीवर बसून गिरण थांबायची वाट बघत होता. वर आल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, “कुणी ऐकलं?”

“तुमच्या बहिणीनं,” निशिगंधा म्हणाली. “काल हितंच बसून. आणि तिच्याआधी समोरच्या आक्कांनी, माझ्यामुळं. मला कानडी येत न्हाई. आणि सहा वर्षांमागं गाणं मोठं करायला तुमच्या बहिणीनंच सांगितलं हुतं. आता काय बोलायचं ते बोला.”

हेडफोन त्यानं उभ्यानंच लावला. निशिगंधा सांगितल्याप्रमाणं तोंड बघत होती. दुसऱ्या ‘अण्णा’पाशी तो खुर्चीवर बसला.

“म्हंजे तिला ठाव हुतं,” तो म्हणाला. “सहा वर्षं. आणि मला बोलली न्हाई.”

“आई नको म्हणाली हुती.”

“मी काय परका हुतो?” आवाज चढला आणि तिथंच तुटला. त्यानं आतल्या खिशातून तोच रुमाल काढला. या वेळी घडीतून एक कागद निघाला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटायला आलेला, घड्यांत ज्वारीचं पीठ. “अव्वाचं दिवस झालं, आणि मी डबं उपसायला घेतलं. तळाला हे. बघितलं आणि कळलं, दानी का येत न्हाई. टपाल मी आणायचो. तिला वाटणार मीच दडवलं. आणि मी न्हाई म्हणायचं, तर मग कुणी? अव्वाचं नाव सांगायला लागतंय. चार वर्षं खिशात घेऊन हिंडतोय. म्हटलं, अव्वानं तिला सांगितलं असंल, तर मला सांगायला लागणार न्हाई.”

निशिगंधानं तो कागद हातात घेतला नाही. घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. सात-बारा शोधत होती ती त्याच्या खिशात.

“पावणं,” ती म्हणाली, “च्या घेणार का?”

त्यानं मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही, म्हणून तिनं ठेवला. चहा होईपर्यंत तो पडद्यावर थांबलेल्या चित्राकडं बघत होता. आई, लेकीच्या कानाशी.

“वैनी, ह्यात गाणं परत घाला,” तो म्हणाला.

“घालते. आधी हुतं तसंच?”

“तसंच न्हाई. खालचा आवाज पूर्ण मारा. अप्पा रोज संध्याकाळी ही फिल्म लावून बसत्यात. अव्वा चालताना दिसती म्हणून. आज मी काढला, उद्या दुसरं कोण काढंल.” कागदाची घडी करून त्यानं रुमालात ठेवली. “आणि घरात कुणाला सांगू नका.”

निशिगंधानं मागं वळून बघितलं. तोच हेल, तेच शब्द. वहीत लिहिलेले होते. फक्त मागच्या वेळी ती हो म्हणून आपलंच करून मोकळी झाली होती.

तिनं गाणं चढवलं. मग खालची पट्टी धरली आणि खाली ओढली. वीस. दहा. पाचावर हात सवयीनं थांबला. सोमशेखर बघत होता. तिनं शून्य केलं, त्याला आकडा दाखवला, आणि चालवून दाखवलं. गाणं खच्चून वाजत होतं आणि आईचे ओठ हलत होते, काचेपलीकडं. वाईट दिसत होतं. वीस वर्षांत इतकं वाईट काम तिनं कुणाला दिलं नव्हतं.

“झ्याक,” तो म्हणाला.

नवी फिल्म पेनड्राइव्हवर जुनीच्या जागी चढेपर्यंत चार वाजत आले. मूळ चाळीस सेकंद तिनं त्याच्या फोनवर दिली, दानेश्वरीला आदल्या दिवशी दिली होती तशीच, आणि आपल्याकडची त्याच्यादेखत पुसली. तरी त्यानं वाकून पडदा नीट बघितला. खात्री करून घेतली. मग चपला घालता घालता विचारलं, “हुपरीची गाडी आता किती वाजता हाय?”

“दर अर्ध्या तासाला असती. खरं, आधी फोन तरी करा. सहा वर्षांनी एकदम दारात जाताय, तिला वाटंल, सही मागायला आला.”

या वेळी तो हसला. जिन्यात जाऊन त्यानं फोन कानाला लावला. निशिगंधा दारामागं उभी राहिली, श्वास धरून. दोनदा रिंग गेल्याचं तिला ऐकू आलं. तिकडून कुणीतरी उचललं. सोमशेखर म्हणाला, “दाने...” आणि चार वाजले, आणि खाली गिरण सुरू झाली.

तिनं कान आणखी पुढं केला. गिरणीनं काही येऊ दिलं नाही. तो तसाच बोलत, हातवारे करत, एकेक पायरी उतरत खाली गेला.